वाचक विचारतात : बर्फाच्या उतारावरची कारकीर्द

या सदराकडे येणारी पत्रे बहुधा क्रिकेट, हॉकी आणि बॅडमिंटनविषयी असतात. हिवाळी ऑलिंपिकच्या निमित्ताने मात्र अल्पाइन स्कीइंगविषयी, म्हणजे बर्फाच्या डोंगर-उतारावरून स्कीवर वेगाने खाली येण्याच्या शर्यतींविषयी, इतकी पत्रे आली की, या अंकातील सगळी जागा त्यांनाच देत आहे. ज्या पत्रांतील प्रश्न सारखे होते, ती एकत्र केली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. मागच्या फेब्रुवारीत आम्ही गुलमर्गला गेलो असता तो चार दिवस स्कीइंग शिकला आणि तेव्हापासून स्की शर्यतपटूच व्हायचे असा हट्ट धरून बसला आहे. तिथल्या प्रशिक्षकांनी त्याचा तोल उत्तम असल्याचे सांगितले. त्याच्या वडिलांच्या मते हा पैसेवाल्यांचा खेळ आहे. ग्वाल्हेरमध्ये राहून या खेळात कारकीर्द होऊ शकते का? (एक आई, लष्कर, ग्वाल्हेर)

उत्तर : आपल्या यजमानांचे म्हणणे अर्धे खरे आहे. हा खेळ पैशाचा आहेच, परंतु त्याहून अधिक तो बर्फावर घालवलेल्या दिवसांचा आहे आणि पैसा लागतो तो मुख्यतः हे दिवस मिळवण्यासाठी. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड किंवा नॉर्वेतील डोंगराळ गावातले मूल तिसऱ्या-चौथ्या वर्षी स्कीवर उभे राहते, दहाव्या वर्षापर्यंत स्थानिक क्लबच्या शर्यती धावू लागते आणि पुढे गुण दिसले तर ऑस्ट्रियातील श्टाम्ससारख्या खास शाळेत जाते, जिथे अभ्यासाचे वेळापत्रकच बर्फ आणि सराव पाहून आखलेले असते. अमेरिकेची मिकाएला शिफ्रिन व्हरमाँट राज्यातील अशाच एका स्की अकादमीत शिकली. मार्च २०११ मध्ये, वयाची सोळा वर्षे पूर्ण होण्याआधीच, ती विश्वचषकाच्या, म्हणजे मोसमभर चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शर्यतमालिकेच्या, शर्यतीत उतरली आणि २०१४ साली सोची येथे अठराव्या वर्षी तिने स्लालमचे (उतारावर जवळजवळ रोवलेल्या काठ्यांच्या फाटकांमधून वळत उतरण्याच्या प्रकाराचे) ऑलिंपिक सुवर्ण जिंकले. या पातळीवरच्या मुलांचा सराव उन्हाळ्यातही थांबत नाही. युरोपात उंचावरच्या हिमनद्यांवर आणि त्यानंतर ऑगस्ट-सप्टेंबरात चिली किंवा न्यूझीलंडमध्ये, कारण तिकडे तेव्हा हिवाळा असतो, असा सराव चालू राहतो. अशा रीतीने वर्षाचे शंभराहून अधिक दिवस बर्फावर जातात. आपल्या चिरंजीवांचे आजवरचे दिवस चार आहेत.

आपल्याकडे गुलमर्ग, मनालीजवळचे सोलंग आणि उत्तराखंडातील औली ही या खेळाची मुख्य ठिकाणे असून मोसम ढोबळमानाने डिसेंबरअखेरीपासून मार्चपर्यंतचा असतो, तोही निसर्गाची मर्जी असेल तर. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार बर्फाविना उघडे पडले होते. २०२५ च्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गमधील टप्पा फेब्रुवारीत व्हायचा होता, तो बर्फ नसल्यामुळे पुढे ढकलून मार्चमध्ये घ्यावा लागला.

आता आरिफ खानचे उदाहरण पाहा. गुलमर्गच्या पायथ्याशी असलेल्या टंगमर्ग भागात घर, वडिलांचे स्की साहित्याचे दुकान आणि चौथ्या वर्षापासून पायांत स्की, एवढी अनुकूलता असूनही त्याला ऑलिंपिकपर्यंत पोहोचायला २०२२ साल उजाडले, तेव्हा तो तिशी ओलांडून गेला होता. त्याआधीच्या ऑलिंपिकच्या वेळी परदेशी पात्रता शर्यतींचा खर्च उभा राहिला नाही, म्हणून संधी हुकली होती. जानेवारी २०१८ मध्ये तुर्कस्तानातील एर्झुरूम येथे कांस्यपदक मिळवून स्कीइंगमधील भारताचे पहिले आंतरराष्ट्रीय पदक आणणारी आंचल ठाकूर हीसुद्धा मनालीजवळच्या बुरुआ गावची. दोघांच्याही दारात बर्फ होता. हॉकीसाठी राज्याची महिला अकादमी आपल्याच शहरात उभी आहे. स्कीइंगसाठी मध्य प्रदेशात असे काही उभे राहणे हवामानानेच अशक्य करून ठेवले आहे.

म्हणून स्पष्ट सांगतो. विश्वचषक पातळीवरची कारकीर्द ग्वाल्हेरातून, तेराव्या वर्षी सुरुवात करून होणार नाही. त्यासाठी घरदार हलवून मनालीला राहायला जा, असेही मी सुचवणार नाही. मात्र राष्ट्रीय पातळीवर भाग घेण्याइतके कौशल्य मिळवायला उशीर झालेला नाही. गुलमर्गची भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्था आणि मनालीची अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था यांचे प्राथमिक आणि त्यापुढचे अभ्यासक्रम दर हिवाळ्यात चालतात. सलग दोन हिवाळे त्याला तिथे पाठवा आणि मधल्या महिन्यांत जिम्नॅस्टिक्स करू द्या; तोल, उडी आणि पडण्याची सवय यांसाठी त्यासारखे दुसरे काही नाही. पहाटे चारला उठून, थंडीत कुडकुडत, एकच वळण शंभर वेळा गिरवण्याचा कंटाळा त्याला येतो की नाही, हे दुसऱ्या हिवाळ्यात आपोआप कळेल. सहलीत आवडलेला खेळ आणि सरावात आवडणारा खेळ यांत फार अंतर असते.

प्रश्न : आपले स्कीपटू नेहमी चाळिसाव्या-पन्नासाव्या क्रमांकावर येतात आणि बातम्यांत मात्र त्यांचे कौतुक होते. शारीरिक क्षमतेत ते कमी पडतात का? शिवाय गुणांची पद्धत काही केल्या समजत नाही. (महाविद्यालयीन विद्यार्थी, मुरार)

उत्तर : २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमधील जायंट स्लालममध्ये (फाटके अधिक अंतरावर असलेल्या स्लालममध्ये) आरिफ खान ४५वा आला आणि विजेत्या मार्को ओडरमॅटपेक्षा सुमारे ३८ सेकंद मागे राहिला. हे अंतर मोठे आहे, यात वाद नाही. परंतु त्या दिवशी हिमवृष्टी आणि धुके असे होते की, उतरलेल्या स्पर्धकांपैकी निम्म्याच्या आसपास खाली शेवटच्या रेषेपर्यंत पोहोचलेच नाहीत, हेही विसरता कामा नये.

खरा मुद्दा क्षमतेइतकाच क्रमांकाचा आहे, म्हणजे छातीवरच्या बिब क्रमांकाचा (उतरण्याच्या क्रमाचा). सर्व जण एकाच उतारावरून, त्याच फाटकांमधून, एकामागून एक उतरतात. प्रत्येक जण वळताना बर्फ खरवडतो, त्यामुळे फाटकांपाशी घळी पडत जातात आणि पन्नास जण उतरून गेल्यावर त्या गुडघ्याला हादरे देण्याइतक्या खोल होतात. पहिल्या पंधरांत उतरणाऱ्याला गुळगुळीत उतार मिळतो, तर सत्तराव्याला शेवटच्या पंगतीला बसलेल्या पाहुण्याप्रमाणे उरलेसुरले मिळते. आणि पुढचा क्रमांक कोणाला द्यायचा हे आधीच्या कामगिरीवरून ठरते. म्हणजे ज्याला चांगला बर्फ मिळतो त्याची कामगिरी चांगली होते आणि कामगिरी चांगली झाली की त्याला पुन्हा चांगला बर्फ मिळतो. नवोदिताची पहिली कित्येक वर्षे हे वर्तुळ बाहेरून फोडण्यात जातात. या खेळातली कारकीर्द म्हणजे प्रामुख्याने मागच्या क्रमांकावरून पुढच्या क्रमांकाकडे सरकण्याचा प्रवास होय, असे माझे मत आहे.

या खेळात गुण दोन प्रकारचे असतात आणि घोटाळा तिथेच होतो. विश्वचषकाचे गुण जितके जास्त तितके चांगले: पहिल्याला १००, दुसऱ्याला ८०, तिसऱ्याला ६० असे उतरत जाऊन तिसाव्याला १ गुण मिळतो आणि एकतिसाव्याला काहीच नाही. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे, म्हणजे ‘फिस’चे, मानांकन गुण मात्र जितके कमी तितके चांगले, आणि जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचे ते शून्य धरतात. स्लालममध्ये विजेत्याला दोन्ही फेऱ्यांत मिळून १०० सेकंद लागले आणि आपल्याला ११०, तर आपण दहा टक्क्यांनी मागे आहोत. स्लालमसाठी ठरवलेल्या ७३० या गुणकाचे दहा टक्के म्हणजे ७३ गुण आपल्या खात्यावर पडतात. त्यात त्या शर्यतीचे दंडगुण मिळवले जातात, आणि शर्यतीतले प्रतिस्पर्धी जितके दुबळे तितका हा दंड मोठा असतो. म्हणूनच दुर्बळ शर्यत जिंकूनही मानांकन फारसे सुधारत नाही आणि पात्रतेसाठी भारतीय खेळाडूंना दुबईच्या बंदिस्त बर्फालयापासून माँटेनेग्रोपर्यंत हिंडून योग्य शर्यती शोधाव्या लागतात. आरिफने २०२१ च्या अखेरीस याच दोन ठिकाणी आपल्या दोन प्रकारांची पात्रता मिळवली.

क्रमांकाचे महत्त्व किती, याचा सर्वांत बोलका पुरावा ४ फेब्रुवारी २०२४ रोजी फ्रान्समधील शामोनी येथे मिळाला. विश्वचषकाच्या स्लालममध्ये पहिल्या फेरीतले केवळ तीस जण दुसऱ्या फेरीत जातात आणि तिथे क्रम उलटा होतो, म्हणजे तिसावा सर्वांत आधी उतरतो. स्वित्झर्लंडचा डॅनियल यूल पहिल्या फेरीत नेमका तिसावा होता, जेमतेम वाचलेला. दुसऱ्या फेरीत त्याला कोणाचीही स्की न लागलेला उतार मिळाला. दिवस उबदार होता, बर्फ झपाट्याने खराब होत गेला आणि त्याची वेळ मोडण्यासाठी एकापाठोपाठ एक उतरलेले एकोणतीस जण त्याच्या मागेच राहिले. तिसाव्या स्थानावरून कोणी विश्वचषक शर्यत जिंकल्याचे तोवर घडले नव्हते. यूल उत्तम खेळाडू आहेच, पण पहिल्या फेरीत तो दहावा असता तर त्या दिवशी बहुधा जिंकला नसता.

प्रश्न : शर्यतीसाठी ताजा, भुसभुशीत बर्फ लागतो का? (शालेय विद्यार्थिनी, थाटीपूर)

उत्तर : मुळीच नाही. ताजा बर्फ पडला तर आयोजक तो उतारावरून झाडून काढतात. शर्यतीचा उतार तयार करताना लांब दांड्याला बारीक तोट्या बसवून बर्फाच्या आत दाबाने पाणी सोडतात आणि रात्रभर ते गोठू देतात. सकाळी तयार होतो तो बर्फ जवळजवळ काचेसारखा टणक असतो, कारण असाच उतार अनेक जण उतरेपर्यंत टिकतो. बीजिंगच्या स्पर्धा तर यंत्रांनी तयार केलेल्या बर्फावर झाल्या.

अशा बर्फावर स्कीची पोलादी कड धरून राहावी म्हणून प्रत्येक मोठ्या खेळाडूसोबत स्की कंपनीचा सर्व्हिसमन असतो. शर्यतीच्या आदल्या रात्री तो स्की पकडीत आवळून कड कानसतो, हिऱ्याच्या दगडाने घोटतो आणि मग अंगठ्याचे नख त्या कडेवरून हलकेच ओढून पाहतो. नखाची पातळ साल निघाली तर धार जमली. त्यानंतर गरम इस्त्रीने तळावर मेण वितळवून, गार झाल्यावर ते खरवडून ब्रशने घासतात. पूर्वी या मेणात फ्लोरीनयुक्त रसायने असत. ती आता निषिद्ध आहेत आणि त्या नियमाखाली विश्वचषकात पहिल्यांदा बाद झालेली खेळाडू म्हणजे नॉर्वेची राग्नहिल्ड मोव्हिंकेल, २०२३ साली, मोसमाच्या पहिल्याच शर्यतीत.

प्रश्न : २०१४ च्या ऑलिंपिकमध्ये डाउनहिलचे (सर्वाधिक वेगाच्या प्रकाराचे) सुवर्ण दोघींना विभागून दिल्याचे वाचले. हे खरे आहे का? (एक वाचक, दौलतगंज)

उत्तर : होय. स्लोव्हेनियाची टीना माझे आणि स्वित्झर्लंडची डॉमिनिक गिसिन या दोघींची वेळ १ मिनिट ४१.५७ सेकंद अशी शतांशापर्यंत तंतोतंत सारखी आली. नियमाने शतांशापलीकडे मोजत नाहीत, त्यामुळे दोघींना सुवर्ण मिळाले आणि रौप्य कोणालाच दिले गेले नाही.

प्रश्न : हे खेळाडू पोटापाण्यासाठी काय करतात? क्रिकेटपटूंसारखे मानधन असते का? (निवृत्त बँक अधिकारी, लष्कर)

उत्तर : आपल्या प्रश्नाचे उत्तर खेळाडू कितवा आहे, यावर अवलंबून आहे. अगदी वरच्या थरातील मंडळींचे उत्तम चालते. ऑस्ट्रियातील कित्झब्यूएल येथील डाउनहिल जिंकणाऱ्याला अलीकडच्या वर्षांत सुमारे एक लाख युरो मिळाले आहेत. मात्र बक्षिसापेक्षा मोठी कमाई दोन ठिकाणांहून येते. एक म्हणजे स्की आणि बूट बनवणाऱ्या कंपन्यांचे करार, आणि दुसरी म्हणजे हेल्मेटच्या कपाळावरची जागा. अंगावरचा पोशाख राष्ट्रीय संघाचा असल्याने त्यावरच्या जाहिराती महासंघाच्या असतात. स्वतःचा प्रायोजक दाखवायला खेळाडूजवळ प्रामुख्याने ते कपाळच उरते. शर्यत संपताच हे लोक स्की काढून कॅमेऱ्यासमोर उभ्या धरतात, ते यासाठीच.

तिसाव्याच्या खाली परिस्थिती एकदम पालटते. बक्षिसाची रक्कम वरच्या तिसांपर्यंतच पोहोचते आणि कनिष्ठ शर्यतींत तर ती नगण्य असते. इटलीने यावर एक व्यवहारी तोडगा काढला आहे: तिथले बहुतेक अव्वल स्कीपटू काराबिनिएरी या लष्करी पोलिस दलाच्या किंवा वित्तीय पोलिस दलाच्या पगारावर असतात. ऑस्ट्रियात सैन्य हीच भूमिका बजावते. आपल्याकडेही भूदल आणि भारत-तिबेट सीमा पोलिस यांचे संघ आहेत आणि बर्फावरचे राष्ट्रीय पातळीचे अनेक खेळाडू तिथूनच येतात. आपण आयुष्यभर हिशेब पाहिलेले असल्याने आपल्याला पटेल की, नियमित पगार देणारी ही व्यवस्था प्रायोजकांच्या मर्जीपेक्षा कितीतरी भरवशाची आहे.

प्रश्न : मी फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. स्कीपटूंचे गुडघे इतक्या वेळा निकामी का होतात? आणि त्यानंतर ते पुन्हा खेळतात तरी कसे? (विद्यार्थिनी, ग्वाल्हेर)

उत्तर : विश्वचषकातील खेळाडूंच्या दुखापतींची पद्धतशीर नोंद ठेवली जाते आणि दर मोसमात साधारण तिघांमागे एक जण जखमी होतो, असे त्यातून दिसून आले आहे. त्यांत गुडघा सर्वांत पुढे आणि गुडघ्यात एसीएल हा अस्थिबंध. बूट पोटरीपर्यंत ताठ असल्याने घोटा वाचतो, पण मग पिरगळण्याचा सगळा ताण वर गुडघ्यावर जातो. स्की निसटवणाऱ्या बाइंडिंगकडूनही अस्थिबंधाला पुरेसे संरक्षण मिळत नाही.

चित्रफितींच्या अभ्यासातून पुढे आलेली सर्वांत सामान्य पद्धत आपल्या विषयाच्या दृष्टीने मुद्दाम सांगतो. वळताना बाहेरची स्की बर्फावरची पकड सोडते. खेळाडू ती परत मिळवण्यासाठी पाय सरळ ताणतो. त्याच क्षणी स्कीची आतली कड अचानक बर्फात रुतते आणि स्की आतल्या बाजूला वळते. गुडघा आत झुकतो, नडगी फिरते आणि अस्थिबंध तुटतो, तोही बहुधा खेळाडू पडण्याच्या आधीच. म्हणजे पडल्यामुळे गुडघा जातो असे नसून बऱ्याचदा गुडघा गेल्यामुळे माणूस पडतो. यावर स्नायू कितीही बळकट केले तरी पुरत नाही, कारण हे सगळे सेकंदाच्या अगदी लहान अंशात घडते; म्हणून महासंघाने स्कीची किमान लांबी, रुंदी आणि वळणाची त्रिज्या यांवर बंधने घालून स्कीचा आक्रमकपणाच कमी करण्याचा प्रयत्न केला.

परत येणाऱ्यांच्या कथा खऱ्या आहेत. ऑस्ट्रियाचा हेर्मान मायर, जो तरुणपणी गवंडीकाम करीत असे, २००१ च्या ऑगस्टमध्ये मोटारसायकलच्या अपघातात पाय गमावता गमावता वाचला आणि जानेवारी २००३ मध्ये त्याने कित्झब्यूएलची सुपर-जी (डाउनहिलसारखीच वेगाची, पण अधिक वळणांची) शर्यत जिंकली. नॉर्वेचा आक्सेल लुंड स्विंडाल २००७ साली अमेरिकेतील बीव्हर क्रीक येथे भयंकर पडला, चेहऱ्याची हाडे मोडली, आणि पुढच्या वर्षी त्याच उतारावर डाउनहिल आणि सुपर-जी या दोन्ही शर्यती त्याने जिंकल्या. परंतु मासिकांतून अशाच कथा छापल्या जातात म्हणून दुसरी बाजूही लिहितो. सुपर-जीमध्ये दोनदा जगज्जेती ठरलेली उलरिके मायर १९९४ साली जर्मनीतील गार्मिश येथे डाउनहिलमध्ये पडून मरण पावली. २०२४ साली इटलीची एकोणीस वर्षांची मातिल्डे लोरेंझी सरावात गेली. सुरक्षा जाळ्या, एअरबॅगचे जाकीट, कड कापू शकणार नाही अशी अंतर्वस्त्रे हे सारे वाढत गेले आहे, तरी ताशी १३० किलोमीटरच्या वेगाने उतरणाऱ्या देहाला धोका राहणारच.

प्रश्न : माझे वय बावीस असून मी शारीरिक शिक्षणाचा पदवीधर आहे. डाउनहिलवाले चाळिशीपर्यंत खेळतात असे ऐकले. मग मला अजून संधी आहे ना? (एक तरुण वाचक, थाटीपूर)

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे; फ्रान्सच्या योहान क्लारेने २०२२ साली एकेचाळिसाव्या वर्षी डाउनहिलचे ऑलिंपिक रौप्य जिंकले. वेगाच्या प्रकारांत उतार वाचण्याचा अनुभव फार कामी येतो, त्यामुळे तिथे वय वाढले तरी खेळाडू टिकतो, तर स्लालममध्ये पायांची चपळाई लागत असल्याने तिथले खेळाडू लवकर बहरतात. परंतु क्लारे स्वतः फ्रान्सच्या संघात कित्येक वर्षे मुरलेला होता. चाळिशीपर्यंत खेळणे आणि बाविसाव्या वर्षी सुरुवात करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शर्यतपटू म्हणून आपल्याला संधी नाही, हे आज सांगणे मला योग्य वाटते.

आपली पदवी मात्र इथे वाया जाणार नाही. भारतात या खेळाला खेळाडूंइतकीच तांत्रिक माणसांची वाण आहे: फाटके मांडणारे, वेळ मोजणारे, स्कीची देखभाल जाणणारे आणि विशेषतः बर्फ नसलेल्या नऊ महिन्यांत खेळाडूंची शारीरिक तयारी करून घेणारे. हे शेवटचे काम मैदानी प्रदेशातला माणूसही करू शकतो आणि आपल्या शहरातील लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्थेत १९५७ पासून नेमके याच विषयाचे शिक्षण दिले जात आहे. येत्या हिवाळ्यात गुलमर्ग किंवा मनालीचा प्राथमिक अभ्यासक्रम स्वखर्चाने करा, म्हणजे ज्यांना तयार करायचे त्यांच्या पायांवर काय बेतते हे आपल्याला कळेल. त्याच मुक्कामात तिथे सरावाला आलेल्या सैन्याच्या किंवा राज्यांच्या संघांच्या प्रशिक्षकांना भेटा, उन्हाळ्यात त्यांच्या खेळाडूंचे व्यायाम कोण घेतो ते विचारा आणि उत्तर ‘कोणी नाही’ असे आले, तर आपला अर्ज तिथेच द्या. प्रवेशाच्या जागा मर्यादित असतात आणि लवकर भरतात, म्हणून गुलमर्ग किंवा मनालीच्या संस्थेकडे चौकशी दिवाळीआधीच करावी.